उष्णतेच्या आधारावर : वायुग्रहावरील जीवसृष्टी आणि नगरे

प्रस्तावना

ज्या ग्रहाला पृष्ठभाग म्हणून नाही, ज्याच्या ढगांतून खाली खाली जाणाऱ्या वस्तूला माती, खडक वा सागर यांपैकी काहीच लागत नाही आणि सहस्रावधी कोस उतरल्यावर वाढत्या दाबात व वाढत्या धगीत तिचा केवळ लय होतो, अशा ग्रहावर जीवसृष्टी नांदावी आणि मनुष्याने नगरे वसवावीत, ही कल्पना कादंबऱ्यांच्या व चित्रपटांच्या द्वारे आता बहुतेक वाचकांच्या परिचयाची झालेली आहे. १९८० साली पडद्यावर आलेल्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक' या चित्रपटातील बेस्पिन नावाचा ग्रह आणि त्याच्या मेघांत तरंगणारे नगर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना तेथील मनोरे आणि मोकळ्या हवेत निःशंकपणे वावरणारी माणसे आठवत असतील. चित्र मनोहर आहे यात संशय नाही. परंतु ते नगर कोणत्या बळावर तरंगते, तेथील माणसे कोणती हवा छातीत घेतात, आणि ज्या जगात खणावयास खाण नाही त्या जगात एखादा खिळा मोडला तर दुसरा कोठून आणतात, या प्रश्नांत शिरण्याचे त्या चित्रपटाला प्रयोजन नव्हते. प्रस्तुत पुस्तकाचा आरंभ मात्र याच प्रश्नांपासून होतो, आणि त्यांची उत्तरे शोधता शोधता जे जग उभे राहते ते चित्रपटातील जगाहून अधिक विस्मयकारक आहे, अशी माझी खात्री आहे.

प्रथम वस्तुस्थिती काय आहे ती पाहू. गुरू आणि शनी हे आपल्या सूर्यमालेतील दोन वायुमय महाग्रह मुख्यत्वे हायड्रोजन व हीलियम यांचे बनलेले असून त्यांत मिथेन, अमोनिया व पाण्याची वाफ ही अल्प प्रमाणात मिसळलेली आहेत. गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या ३१८ पट, शनीचे ९५ पट. आणि दोघांचेही दिवस सुमारे दहा-साडेदहा तासांचे. या ग्रहांच्या अंतरंगात प्रत्यक्ष उतरण्याचा प्रसंग मानवी यंत्राला लाभला तो ७ डिसेंबर १९९५ रोजी, जेव्हा गॅलिलिओ यानापासून अलग झालेले एक उपकरण सेकंदास ४७ किलोमीटर या वेगाने गुरूच्या वातावरणात घुसले. हवाई छत्री उघडली, घर्षणाने पांढरीफटक तापलेली त्याची ढाल गळून पडली, आणि ते लहानसे यंत्र सुमारे ५८ मिनिटे दाब, तापमान व वारे यांची मोजदाद वर कळवीत उतरत राहिले. आपल्या समुद्रसपाटीवरील दाबाच्या बावीस-तेवीस पट दाब आणि सुमारे १५० अंश सेल्सिअस तापमान एवढ्यापर्यंत त्याचा आवाज ऐकू आला. पुढे तो थांबला. तळ लागल्यामुळे हा प्रवास संपला नाही. तळ नव्हताच म्हणून तो संपला, आणि या ग्रहांचे स्वरूप वाचकाने मनात ठसवून घ्यावयाचे तर हा एक तास त्याने विसरू नये.

तथापि त्याच तासाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. वरचे ढग कडाक्याचे थंड आणि खालचे थर भट्टीसारखे उष्ण, तर या दोहोंच्या मध्ये कोठेतरी मनुष्याला सोसवेल असा थर असलाच पाहिजे. गुरूवर, जेथे दाब आपल्याइतका आहे तेथे तापमान शून्याखाली १०८ अंश असते. पण दाब सहा पटींपर्यंत चढला की ते आपल्याकडील थंडीच्या दिवसांइतके होते. शनीवर हीच स्थिती यावयास दाब दहा पट व्हावा लागतो. गुरूवर मात्र एक अडचण अशी की तेथे प्रत्येक वस्तूचे वजन येथल्या अडीच पट भरेल, आणि जन्मभर दीड माणूस पाठीवर घेऊन हिंडण्याची शिक्षा कोणत्याही नागरिकाला देण्याची माझी इच्छा नाही. शनीचे गुरुत्वाकर्षण ढगांच्या पातळीवर जवळजवळ पृथ्वीइतकेच आहे. यास्तव या पुस्तकातील कल्पित ग्रह मी शनीच्या बांध्याचा घेतला आहे, त्याला कडीही शनीसारखीच दिली आहेत, आणि त्याची कक्षा मात्र थोडी आत, म्हणजे गुरूच्या पलीकडे व शनीच्या अलीकडे ठेवली आहे. तेथे पोहोचणारे ऊन आपल्या उन्हाच्या पन्नासाव्या हिश्शाइतके असेल. परंतु मध्यान्हीच्या उन्हाचा पन्नासावा हिस्सासुद्धा दिवाणखान्यातील दिव्यांच्या उजेडाच्या कितीतरी पट असतो, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या आकाशाला अंधारे म्हणण्याचे कारण उरत नाही.

आता तरंगण्याचा प्रश्न. आपल्याकडे फुगा वर नेण्यासाठी हीलियम भरतात, कारण हीलियम हवेहून हलका आहे. हायड्रोजनच्या महासागरात हीलियम भरलेला फुगा दगडासारखा बुडेल. शुद्ध हायड्रोजन भरला तरी भोवतालच्या मिश्रणाहून तो जेमतेम शेकडा बारा हलका, म्हणजे त्याच्या जोरावर मोठा भार उचलण्याची आशा नको. शुक्रावर ही अडचण नाही; तेथील वातावरण जड कर्बवायूचे असल्यामुळे आपण श्वासात घेतो ती हवाच तेथे फुग्यात भरता येते, आणि १९८५ सालच्या जून महिन्यात सोव्हिएत वेगा यानांनी शुक्राच्या ढगांत सोडलेले हीलियमचे दोन फुगे सुमारे ५४ किलोमीटर उंचीवर जवळजवळ दोन दिवस संदेश पाठवीत वाहत राहिले होते. परग्रहावर तरंगण्याचा मानवी यंत्राचा तो पहिला अनुभव. हायड्रोजनच्या जगात मात्र एकच उपाय उरतो : भोवतालचाच वायू आत घ्यावयाचा आणि तो तापवावयाचा. आर्थर क्लार्क यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या 'अ मीटिंग विथ मेड्यूसा' या कथेत गुरूवर उतरणाऱ्या एकाकी वीराला तप्त हायड्रोजनचाच फुगा दिला होता, आणि तो त्यांनी जाणूनबुजून दिला होता.

येथे थोडे गणित मांडणे प्राप्त आहे, आणि वाचकाने ते टाळू नये अशी विनंती आहे. आपल्या कल्पित ग्रहावर दहा पट दाबाच्या आणि शून्य अंशाच्या थरात वायूची घनता दर घनमीटरला सुमारे एक किलो भरते, म्हणजे आपल्या हवेच्या जवळपास. तोच वायू गोलाच्या आत ९१ अंशांपर्यंत तापवला तर तो शेकडा पंचवीस हलका होतो आणि दर घनमीटरमागे पाव किलो भार उचलतो. दहा मीटर व्यासाचा गोल अशा रीतीने सुमारे १३० किलो उचलील, म्हणजे दोन सडपातळ माणसे. व्यास शंभरपट करा, एक किलोमीटरचा गोल घ्या, आणि तोच हिशेब १ लाख ३० हजार टनांवर जाऊन पोहोचतो. आवरणाला त्यातील चौथाई वजन दिले तरी एक लक्ष टन नगरासाठी शिल्लक राहतात. घनफळ व्यासाच्या घनाने वाढते आणि उष्णता गळते ती पृष्ठभागातून, जो केवळ वर्गाने वाढतो. या एका भूमितीच्या नियमावर या पुस्तकातील प्रत्येक नगर उभे आहे.

त्याच नियमाचा दुसरा परिणाम मला अधिक महत्त्वाचा वाटतो. समजा, आवरणाच्या दर चौरस मीटरमधून १०० वॉट उष्णता निसटते. मोठ्या गोलाची भट्टी एखाद्या रात्री बंद पडली, तर आतल्या वायूचे तापमान दहा अंशांनी उतरावयास सुमारे बेचाळीस तास लागतील. नगरातील कारागिरांना दुरुस्तीसाठी चार ग्रहदिवसांचा अवधी मिळेल आणि तोवर नगर संथपणे, जवळजवळ नकळत, खाली सरकत राहील. दहा मीटरच्या गोलात हीच मुदत पंचवीस मिनिटांची आहे. तेव्हा पृथ्वीवर जसे आधी झोपडी, मग पाडा, मग खेडे आणि शेवटी नगर, असा क्रम घडला, तसा तेथे घडणे शक्य नाही. तेथे लहान वस्ती ही सर्वांत धोक्याची वस्ती होय. पहिले माणूस येण्यापूर्वी पहिले नगर पुरते बांधून, तापवून, तोलून सिद्ध असले पाहिजे, आणि अशा समाजाच्या स्मृतीत आपण गावाहून शहराकडे आलो अशी एकही कथा असणार नाही.

उष्णता आणावयाची कोठून, हा प्रश्न पहिल्याइतका बिकट नाही. वरील मोठ्या गोलाची गळती ३१४ मेगावॅट, म्हणजे आपल्या कोयना प्रकल्पाच्या १,९६० मेगावॅट क्षमतेच्या सहाव्या हिश्शाइतकी होते. आणि औष्णिक वा अणुशक्तीच्या केंद्रात इंधनाच्या उष्णतेपैकी स्थूलमानाने दोन तृतीयांश वाया जाते, हे लक्षात घेतले तर दीडशे मेगावॅट वीज निर्माण करणारे नगर आपल्या टाकाऊ उष्णतेवरच तरंगू शकते. जो भाग आपण धुराड्यांतून आणि नदीच्या पाण्यात सोडून देतो, तोच तेथे नगराचा पाया.

श्वासाचा प्रश्न सर्वांत रम्य आहे. प्राणवायू व हायड्रोजन यांचे मिश्रण स्फोटक असते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. त्यामुळे वायुग्रहावर श्वसनयोग्य हवेचा एखादा नैसर्गिक पट्टा असेल ही बेस्पिनची कल्पना सोडून द्यावी लागते. परंतु दाब दहा पट असेल तर मनुष्याला आवश्यक तेवढा प्राणवायू मिळण्यास हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोन पुरते, आणि शेकडा चारच्या आत प्राणवायू असलेला हायड्रोजन पेट घेत नाही. म्हणजे या थरात मनुष्य हायड्रोजन श्वासात घेऊन सुखाने जगू शकेल! ही कविकल्पना नाही. स्वीडनचे अभियंते आर्ने झेटरस्ट्रॉम यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शेकडा ९६ हायड्रोजन व ४ प्राणवायू यांचे मिश्रण घेऊन समुद्रात बुड्या मारल्या. १९४५ च्या ऑगस्टमध्ये सुमारे १६० मीटर खोलीवरून येताना त्यांचा अंत झाला तो वर ओढणाऱ्या माणसांच्या चुकीमुळे, वायूचा त्यात दोष नव्हता. पुढे १९९२ साली फ्रान्समधील कोमेक्स या संस्थेच्या प्रयोगात हायड्रोजन, हीलियम व प्राणवायू यांच्या मिश्रणावर एका पाणबुड्याने ७०१ मीटर खोलीइतका दाब सोसून दाखविला.

त्या नगरातील एखाद्या घरात क्षणभर शिरून पाहावे. खोली तीस-बत्तीस अंशांवर ठेवलेली आहे, तरी अंगावर पातळ शाल घ्यावीशी वाटते, कारण हायड्रोजन आपल्या हवेच्या सुमारे सातपट वेगाने शरीराची ऊब वाहून नेतो. गृहिणीचा आवाज बारीक, किनरा. सर्वांचाच तसा, आणि जन्मापासून तोच ऐकलेल्या मुलांना त्यात नवल काहीच नाही. देवापुढे निरांजन नाही, चुलीला जाळ नाही, कारण शेकडा दोन प्राणवायूत काडीही पेटत नाही. आग हा शब्द कोशात असेल. ती पाहावयाची तर एका विशेष काचपात्रात हायड्रोजन भरून त्यात प्राणवायूची बारीक धार सोडावी लागेल, आणि ती धार ज्योत होऊन जळेल. जेथे भोवतालचे सारे आकाशच इंधन आहे, तेथे दुर्मिळ असतो तो प्राणवायू. तो पाण्यापासून काढावयाचा, आणि पाणी खालच्या ढगांतून उपसावयाचे.

वाऱ्याविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. शनीच्या विषुववृत्तावर वारे ताशी सुमारे १,८०० किलोमीटर वेगाने वाहतात, हे ऐकून वाचक दचकतो. पण वाऱ्याबरोबर वाहणाऱ्या नगराला वारा लागत नाही. भय आहे ते उभ्या प्रवाहांचे, जे नगराला पाहता पाहता धगीकडे नेतील किंवा गारठ्यात फेकतील. पाचवे प्रकरण त्यालाच वाहिलेले आहे.

आता जीवसृष्टीकडे वळू. या विषयावरील आद्य शास्त्रीय विवेचन कार्ल सेगन व एडविन सॅलपीटर यांनी १९७६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात आढळते. गुरूच्या वातावरणात सतत बुडत असलेले व बुडून जळण्यापूर्वी पुनरुत्पत्ती उरकणारे सूक्ष्म जीव, वायूच्या पिशव्यांवर तरंगणारे प्रचंड जीव, आणि त्यांची शिकार करणारे जीव, असे वर्ग त्यांनी कल्पिले. तरंगणाऱ्या जीवांचा आकार कित्येक किलोमीटर असू शकेल, असेही त्यांच्या गणितातून निघाले. हायड्रोजन हे जीवनाला विष आहे असा समज कोणाचा असेल तर तो २०२० साली सारा सीगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाने दूर व्हावा. शुद्ध हायड्रोजनच्या वातावरणात साधे जिवाणू व किण्व वाढू शकतात, असे त्यांनी दाखविले.

अडचण वेगळीच आहे. आपल्या पृथ्वीवर पाकोळी हा पक्षी दहा दहा महिने जमिनीला न टेकता हवेत राहतो, खातो, झोपही हवेतच घेतो असे दिसते. परंतु अंडी घालावयास त्यालाही कडेकपारीचा आधार लागतो. वायुग्रहावर कपार नाही. शिवाय प्रकाश वर आहे आणि ऊब खाली आहे. वरचा जीव गोठतो, खालच्याला दिसत नाही. या द्वंद्वाचे उत्तर मला आपल्या सागरांतील सूक्ष्म प्राण्यांत सापडले, जे रोज रात्री शेकडो मीटर वर चढतात आणि पहाटे पुन्हा खोल जातात. आपल्या कल्पित ग्रहावरील जीवांनाही, दहा तासांच्या छोट्या दिवसाच्या तालावर, उन्हात चढून पोषण साठवावयाचे आणि रात्री उबेत उतरून ते पचवावयाचे, अशी येरझार करावी लागेल. उन्हाने तापलेला देह हलका होतो, निवालेला देह जड होतो. चढउतारासाठी त्यांना पंखांचीही गरज पडणार नाही.

राहता राहिली खनिजे. कर्ब, नत्रवायू व पाणी ही वातावरणातच आहेत. गुरू व शनी यांच्या वायूत स्फुरद हा हायड्रोजनशी संयोग पावलेल्या रूपात सापडलेला आहे. लोखंड, मॅग्नेशियम आदी धातूंची वाण मात्र मोठी, आणि ती भरून निघते ती वरून. १९९४ च्या जुलैत शूमेकर-लेव्ही धूमकेतूचे तुकडे गुरूवर आदळले आणि त्यांचे काळे डाग महिनोन्महिने दिसत राहिले. त्याहून नियमित पुरवठा कड्यांचा : १५ सप्टेंबर २०१७ रोजी शनीच्या वातावरणात विलीन होण्यापूर्वी कॅसिनी यानाने कड्यांतून ग्रहावर पाणी व धूळ यांचा वर्षाव होत असल्याचे प्रत्यक्ष टिपले. या शोधाने माझ्या ग्रहाची भूगोलरचनाच ठरवून टाकली. ज्या अक्षांशांवर कड्यांची धूळ झरते तो पट्टा सुपीक, बाकीचे आकाश ओसाड. जीवांचे कळप त्या पट्ट्यात, आणि त्यांच्या मागे माणसांची नगरेही तेथेच.

या सर्वांतून जो समाज उभा राहतो त्याविषयी माझे प्रतिपादन एका वाक्यात सांगता येईल : भूमी नसलेल्या जगात उष्णता हीच भूमी. आपल्याकडे राज्यव्यवहाराचा पाया जमीनमोजणी होता; मलिक अंबरापासून इंग्रजी अमदानीपर्यंत प्रत्येक राजवटीने आधी जमिनीची प्रत लावली आणि मग सारा ठरविला. तेथील दफ्तरात मोजणी होईल ती भाराची. प्रत्येक खातेदाराच्या नावे किती टन वजन आणि ते उचलून धरण्यासाठी किती उष्णता, याची नोंद. नवे घर, नवे यंत्र, लग्नातील वऱ्हाड, बाळाचा जन्म, या साऱ्यांची खतावणी त्याच वहीत. ज्याच्या ताब्यात भट्टी, त्याच्या ताब्यात सरकार. म्हणून भट्टीचे वतन वंशपरंपरा एका घराण्याकडे राहू द्यावयाचे की सर्व रयतेच्या सामाईक मालकीत ठेवावयाचे, हा तेथील राजकारणाचा मूळ वाद असेल. मी सामाईक मालकीच्या बाजूचा आहे, आणि ते माझे मत आठव्या प्रकरणात उघडपणे मांडले आहे.

दुसरा वाद निघून जाण्याच्या हक्काचा. शनीसारख्या ग्रहाभोवती कक्षेत राहण्यास सेकंदाला सुमारे २५ किलोमीटर वेग लागतो; पृथ्वीभोवती तो आठाच्याही आत आहे. ग्रहाच्या फिरण्याचा फायदा विषुववृत्तावर सुमारे दहा किलोमीटरचा मिळतो, म्हणून सारी बंदरे तेथेच असतील. तरी उरलेले पंधरा किलोमीटर रॉकेटाला स्वतः कमवावे लागतात, आणि त्याचा खर्च सामान्य नागरिकाच्या आवाक्याबाहेरचा. येणे सोपे, जाणे दुर्घट. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीने १९७३ ते १९७८ या काळात आखलेल्या डेडलस योजनेत गुरूच्या वातावरणातून फुग्यांवरील कारखान्यांच्या साहाय्याने हीलियम-३ काढण्याचा विचार होता. अशा निर्यातीवर नगरांचा चरितार्थ चालेलही, पण माल वर जातो आणि मजूर जाऊ शकत नाही, अशा व्यवस्थेला वेठीचे रूप यावयास वेळ लागत नाही. परतीच्या प्रवासाचा खर्च वसाहतीच्या सनदेतच नमूद असल्याखेरीज एकाही माणसाला तेथे नेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या पुस्तकातील ग्रह कल्पित आहे, पण त्यातील एकही आकडा मनाला येईल तसा घेतलेला नाही. डॉ. जयंत नारळीकर यांच्या लेखणीने मराठी वाचकाला विज्ञानकथेत गणिताची शिस्त पाहण्याची सवय लावली आहे, आणि त्या सवयीवर विसंबूनच मी हिशेब तळटीपांत न दडवता मजकुरातच ठेवले आहेत. वाचकाने पेन्सिल जवळ ठेवून ते पडताळून पाहावेत. एखाद्या ठिकाणी ग्रहाचे वजन, तापमान वा अंतर बदलून नवा हिशेब मांडावा. आणि त्या नव्या ग्रहावरील नगराची कथा, मी लिहिण्याची वाट न पाहता, स्वतः लिहावी.